साखरेची रिकामी जागा

१९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजमध्ये लेस्ली हफ नावाचे प्राध्यापक साखरेच्या रेणूवर क्लोरीन चढवून बघत होते. टेट अँड लाइल या तिथल्या बड्या साखर कंपनीचं या कामाला पाठबळ होतं. साखर खाण्यापलीकडे आणखी कुठल्या उद्योगाला उपयोगी पडते का, हे त्यांना शोधायचं होतं. नवा गोड पदार्थ बनवावा असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. हफ यांच्या हाताखाली शशिकांत फडणीस हे भारतीय संशोधक काम करत होते. एक पावडर तयार झाली होती, ती तपासून बघ, असं त्यांना इंग्रजीत सांगण्यात आलं आणि त्यांना ते 'चाखून बघ' असं ऐकू आलं, अशी गोष्ट सांगतात. त्यांनी थोडी पावडर जिभेला लावली. साखरेच्या जवळपास ६०० पट गोड असलेलं सुक्रालोज असं सापडलं.

ही गोष्ट मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना सांगितली. फडणीस हे आडनाव ऐकून ते आधी खूश झाले आणि मग एकदम गंभीर. "प्रयोगशाळेतलं काही तोंडात घालायचं नाही, हा पहिला नियम आहे गं," म्हणाले. अण्णा सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होते. गाळप हंगामात रात्रपाळी करून ते सकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या शर्टाला मळीचा वास असायचा. पॅनमधला पाक काचपट्टीवर घेऊन दिव्यासमोर धरायचा आणि दाणा कसा पडलाय ते बघायचं, हे त्यांनी मला लहानपणी कारखान्यात नेऊन दाखवलं होतं. अशा माणसाला साठीच्या आत मधुमेह निघाला. डॉक्टरांनी चहातली साखर बंद केली आणि घरात ती छोटी पांढरी डबी आली, दाबलं की एक गोळी बाहेर टाकणारी.

अण्णांनी त्या डबीवरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली. तिथून आमच्या घरात या विषयाचा अभ्यासच सुरू झाला. हा लेख म्हणजे त्या अभ्यासाचं आणि त्यातून माझं जे मत झालं त्याचं टिपण आहे.

तर, नियम मोडून चाखणाऱ्यांत फडणीस एकटे नव्हते. १८७९ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कॉन्स्टंटाइन फालबर्ग दगडी कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या रसायनांवर काम करून घरी जेवायला गेला आणि पाव गोड लागला. हात नीट धुतले नव्हते. ते सॅकरीन. १९३७ मध्ये इलिनॉय विद्यापीठात मायकेल स्वेडाने प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवलेली सिगारेट पुन्हा ओठांना लावली, ती गोड लागली. ते सायक्लामेट. १९६५ मध्ये जेम्स श्लॅटर हा अमेरिकन रसायनतज्ज्ञ पोटातल्या अल्सरवरच्या औषधासाठी खटपट करत होता. कागद उचलायला त्याने बोटाला थुंकी लावली आणि अॅस्पार्टेम सापडलं. जगातली इतकी मोठी बाजारपेठ न धुतलेल्या हातांतून उभी राहिली, याचं मला अजूनही नवल वाटतं.

पण एखादी वस्तू कशी सापडली यावरून ती चांगली की वाईट हे ठरत नाही. अण्णांच्या चहात पडणाऱ्या गोळीत सुक्रालोज होतं. साखरेच्या रेणूवरचे तीन हायड्रॉक्सिल गट काढून तिथे तीन क्लोरीन बसवले की सुक्रालोज होतं. जिभेला ते साखरेहून कितीतरी गोड लागतं, पण पचनसंस्थेतली विकरं त्याला साखर म्हणून ओळखत नाहीत. पोटात गेलेल्यातलं बहुतेक शोषलंच जात नाही, जसंच्या तसं शौचावाटे बाहेर पडतं. जे थोडं रक्तात जातं ते लघवीतून निघून जातं. क्लोरीन म्हटलं की पाण्याच्या टाकीत टाकायची पावडर आठवून लोक घाबरतात. मिठातही क्लोरीन आहे, आणि सुक्रालोजमधलं क्लोरीन सुटं होऊन आतड्यात फिरत नाही.

२०२३ च्या जुलैमध्ये आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एकाच दिवशी तीन जणांनी तोच निरोप पाठवला: 'शुगर-फ्री गोळ्यांनी कॅन्सर होतो, जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं.' आत्याने त्याच संध्याकाळी डबी कचऱ्यात टाकली आणि चहात पुन्हा दोन चमचे साखर घालायला सुरुवात केली. आत्याची रक्तातली साखर अण्णांपेक्षा जास्त असते. मला त्या निरोपाचा राग आला तो यासाठी.

घडलं होतं ते असं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, आयएआरसीने, अॅस्पार्टेमला '२ब' गटात टाकलं. मानवात कर्करोग होण्याची शक्यता आहे, पण पुरावा मर्यादित आहे, असा या गटाचा अर्थ. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही याच गटात आहे. त्याच दिवशी, त्याच संघटनेशी जोडलेल्या दुसऱ्या समितीने, जेक्फाने, अॅस्पार्टेमची रोजची मर्यादा बदलायला काही कारण दिसत नाही असं सांगून ती शरीराच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅमवर कायम ठेवली. दोन्ही निकाल एकत्र जाहीर झाले, आपल्यापर्यंत एकच पोचला. आयएआरसी विहीर खोल आहे का ते सांगते, जेक्फा सांगते की काठापासून किती लांब उभं राहायचं. आत्याला फक्त विहिरीची खोली कळली. शिवाय तिच्या डबीत अॅस्पार्टेम नव्हतंच, सुक्रालोज होतं.

मर्यादा कशी ठरते, हे अण्णांनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर वहीत लिहून समजावलं. उंदरांना किंवा दुसऱ्या प्राण्यांना आयुष्यभर वेगवेगळ्या प्रमाणात तो पदार्थ देतात. ज्या प्रमाणापर्यंत काहीही वाईट परिणाम दिसत नाही, ते प्रमाण घेतात आणि साधारणपणे त्याला १०० ने भागतात. एकदा दहाने भागायचं ते प्राणी आणि माणूस यांतल्या फरकासाठी, पुन्हा दहाने ते माणसामाणसांतल्या फरकासाठी. जे उरतं ते रोज, आयुष्यभर खाल्लं तरी चालेल असं प्रमाण.

मग अण्णांनी स्वतःचं वजन ६० किलो धरून आकडेमोड केली. अॅस्पार्टेम ६० गुणिले ४०, म्हणजे दिवसाला २,४०० मिलिग्रॅम. अॅस्पार्टेम साखरेच्या साधारण २०० पट गोड, म्हणजे चमचाभर साखरेच्या जागी लागतं २०-२५ मिलिग्रॅम. एका गोळीची गोडी एका चमच्याएवढी धरली तर शंभराच्या आसपास गोळ्या झाल्या. सुक्रालोजची जेक्फाची मर्यादा किलोमागे १५ मिलिग्रॅम, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची त्याहून कडक, ५ मिलिग्रॅम. कडक ती धरली तरी ३०० मिलिग्रॅम, आणि एका चमच्याच्या गोडीला लागतं सुमारे आठ. सदतीस गोळ्या. अण्णा दिवसात तीन चहा घेतात. वही मिटून म्हणाले, "आत्याला फोन लाव."

आत्याने ऐकून घेतलं, पण तिचा प्रश्न वेगळाच होता आणि तो मला महत्त्वाचा वाटला. ती म्हणाली, "आज नाही म्हणतात, उद्या हो म्हणतील. तुमच्या त्या सॅकरीनचं काय झालं होतं?"

सॅकरीनचं जे झालं ते खरोखर विचार करण्यासारखं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हार्वी वायली हे अन्नशुद्धतेचे कट्टर पुरस्कर्ते सॅकरीनवर बंदी घालायला निघाले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना त्यांच्या डॉक्टरांनी सॅकरीन दिलेलं होतं. ते संतापले, आणि हे प्रकरण तपासायला शास्त्रज्ञांचं मंडळ नेमलं. त्याचे प्रमुख कोण, तर आयरा रेमसन, ज्यांच्या प्रयोगशाळेत सॅकरीन सापडलं होतं ते. फालबर्गने पेटंट एकट्याच्या नावावर घेतलं म्हणून रेमसन त्याच्यावर कायमचे नाराज होते, तरी त्यांच्या मंडळाने बेताच्या प्रमाणात सॅकरीन निर्धोक ठरवलं. पुढे महायुद्धांत साखर मिळेनाशी झाली तेव्हा युरोपात हेच घराघरांत वापरलं गेलं. १९७७ मध्ये मोठा धक्का बसला. कॅनडातल्या प्रयोगात सॅकरीन खाणाऱ्या नर उंदरांच्या मूत्राशयात गाठी झाल्या. अमेरिकेत बंदीचा प्रस्ताव आला. बाजारात त्या वेळी दुसरा पर्याय नव्हता, कारण सायक्लामेटवर १९६९ मध्येच बंदी आली होती. मधुमेही आणि इतर ग्राहकांनी इतका विरोध केला की संसदेने बंदी थांबवून नुसती इशाऱ्याची पट्टी सक्तीची केली. तो इशारा २००० सालापर्यंत प्रत्येक पुडीवर होता.

मग कळलं ते असं की, त्या उंदरांच्या आहारात सॅकरीनचं प्रमाण काही टक्क्यांपर्यंत नेलेलं होतं. नर उंदराच्या लघवीची घडण अशी असते की इतकं सॅकरीन आलं की तिच्यात कॅल्शियम फॉस्फेटचे सूक्ष्म कण तयार होतात, ते मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला घासत राहतात आणि त्या सततच्या जखमेतून गाठ होते. माणसाच्या लघवीत तसं घडत नाही. २००० मध्ये अमेरिकेने सॅकरीनचं नाव कर्करोगकारकांच्या यादीतून काढलं. २०२४ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याची मर्यादा किलोमागे ५ वरून ९ मिलिग्रॅम केली.

म्हणजे आत्याच्या शंकेचं उत्तर 'हो, मत बदलतं' असंच आहे. पण इथे ते बदललं ते आणखी प्रयोग करून, कारण शोधून काढून. मला हा इतिहास घाबरवणारा वाटत नाही, उलट धीर देणारा वाटतो. सॅकरीनवर शंभर वर्षांहून जास्त काळ संशय घेतला गेला, आणि संशयाला सामोरं जाऊनच ते टिकलं. (दात घासण्याच्या पेस्टमध्ये बहुधा सॅकरीनच असतं. आयुष्यात कधी शुगर-फ्री गोळी न घेतलेली माणसंही त्याची चव रोज सकाळी घेतात.)

कॅन्सरच्या भीतीखाली दबून गेलेले काही प्रश्न मात्र अजून खुले आहेत आणि त्यांच्याकडे मी जास्त लक्ष देते. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०२२ मध्ये १२० निरोगी लोकांना दोन आठवडे वेगवेगळे गोडवे दिले, सगळे मर्यादेच्या आत. सॅकरीन आणि सुक्रालोज घेणाऱ्यांपैकी काहींची साखर हाताळण्याची क्षमता बिघडली, आणि त्याचा संबंध आतड्यातल्या जिवाणूंशी दिसला. सगळ्यांच्या बाबतीत नाही, काहींच्याच. कोणाचं बिघडेल हे आज डॉक्टर आधी सांगू शकत नाहीत. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की वजन कमी करायला म्हणून हे गोडवे वापरू नका, दीर्घकाळात उपयोग दिसत नाही. याच सूचनेत हेही होतं की ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांना ती लागू नाही. हे वाक्यही आत्यापर्यंत पोचलं नव्हतं.

आपल्याकडचा पुरावा चेन्नईचा आहे. डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेने मधुमेही भारतीयांचे दोन गट केले. एकाने चहा-कॉफीतली साखर काढून सुक्रालोज घातलं, दुसरा आपल्या नेहमीच्या साखरेवर राहिला. १२ आठवड्यांनंतर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत, एचबीए१सीमध्ये, सांगण्यासारखा फरक पडला नाही. वजन आणि कंबर किंचित उतरली. २०२४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. अण्णांनी ते वाचून मान डोलावली, कारण त्यांच्या स्वतःच्या रिपोर्टांतही तसंच होतं. चहातली साखर गेल्याने चमत्कार झाला नव्हता, नुकसानही झालं नव्हतं. दिवसाच्या तीन चहांतून सहा चमचे साखर गेली, एवढंच. पण तीन वेळच्या जेवणातला भात, पोळ्या, पोहे, साबुदाणा तिथेच होता.

माझं म्हणणं इथून पुढे सुरू होतं. चहात साखर ही फक्त गोडीसाठी असते. ती काढून गोळी टाकली तर काम भागतं. इतर पदार्थांत तसं नसतं. तिथे साखर जागा व्यापते, पाणी धरते, दाणा देते, रंग देते, टिकवते. ती काढली की रिकामी जागा उरते आणि त्या जागेत दुसरं काहीतरी येऊन बसतं. काय येऊन बसलं, हे कोणी बघत नाही.

श्रीखंड घ्या. गुढीपाडव्याला आई अण्णांसाठी वेगळं श्रीखंड करायला लागली. एरवी आमच्याकडे किलोभर चक्क्याला जवळजवळ तेवढीच साखर पडते. मिसळून थोडा वेळ ठेवलं की साखर चक्क्यातलं पाणी ओढून घेते, विरघळते, आणि घट्ट गोळा सैल होऊन त्याला ती चकाकी येते. मग पुरणयंत्रातून काढायचं. आईने अण्णांच्या वाट्याच्या चक्क्यात सुक्रालोजची पावडर घातली. गोड झालं, पण सैल होईना. पुरणयंत्रातून ते कोरडं, भुरभुरीत शेवेसारखं पडलं. आंबटपणा वेगळा लागत होता, गोडी वेगळी, आणि गोडी घशात मागे रेंगाळत होती. आईने दूध घालून ते सारखं केलं, केशर-वेलची जास्त घातली. अण्णांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "उतारा कमी पडला." किलोभर चक्क्याचं एरवी पावणेदोन-दोन किलो श्रीखंड होतं, आता एक किलोच झालं होतं. वाटी तेवढीच, पण वाटीत चक्का जवळपास दुप्पट. साय न काढलेल्या दुधाच्या चक्क्यात चरबी किती असते ते वेगळं सांगायला नको.

तरीही श्रीखंडाच्या बाबतीत मी या बदलाच्या बाजूने आहे. चक्क्यात पिष्ट, म्हणजे कर्बोदकं, फार नसतं, त्यामुळे साखर काढली की मधुमेह्याचा खरोखर फायदा होतो. वाटी लहान घ्यावी लागते, इतकंच. पुरणपोळीचं तसं नाही. हरभऱ्याची डाळ आणि बाहेरची कणीक-मैदा यांची मिळून जी साखर रक्तात जायची ती जातेच, गूळ काढला तरी. त्यातून पुरण सैल पडतं, पोळी फाटते. आईने एकदा करून बघितली आणि पुन्हा नाव घेतलं नाही. मोरंबा तर करूच नये. साखरेचा पाक पाणी बांधून ठेवतो म्हणून मोरंबा वर्षभर टिकतो. गोळीच्या गोडीला ते काम येत नाही, बरणीला आठवड्यात बुरशी धरते. चिक्कीचा पाक होत नाही, जिलबीचाही नाही. बासुंदीत अॅस्पार्टेम आटवत ठेवलं तर ते तापून मोडतं आणि गोडीच जाते. सुक्रालोज उकळीला टिकतं, पण तळणीत किंवा भट्टीत १२० अंशांच्या वर त्यातून क्लोरीनयुक्त नको ती संयुगं तयार होऊ शकतात, असं जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेने २०१९ मध्ये सांगितलं. त्यामुळे घरी केक-बिस्किटांत ते घालू नये, असं माझं मत आहे.

आणि दिवाळीतली ती काजूकतलीची पेटी. कोणीतरी प्रेमाने अण्णांसाठी म्हणून आणली होती. वर मोठ्या अक्षरांत 'साखर नाही' असं लिहिलेलं, शेजारी हिरवं पान. घरात इतकी वर्षं डोळ्यांसमोरून ताट सरकवलं जात असलेल्या माणसासमोर एकदम कोणी म्हणतं, हे तुमचंच आहे, घ्या. अण्णांनी घेतली. सकाळच्या चहाबरोबर दोन, दुपारी दोन, रात्री जेवणानंतर परत. आईने अडवलं नाही, कारण अडवायचं कशाला, साखर तर नाहीच. भाऊबीजेपर्यंत पोटात गॅस धरला, जुलाब झाले आणि त्यानंतरच्या तपासणीत उपाशीपोटीची साखरही वाढलेली निघाली.

मी पेटी उलटून घटक वाचले. पहिला काजू, दुसरा माल्टिटॉल. पेटीवर ज्याची जाहिरात होती ते सुक्रालोज यादीत शेवटी, कणभर. माल्टिटॉल हा साखरेसारखाच वजनदार, पाक होऊ शकणारा पदार्थ आहे, म्हणून हलवायाला साखरेची जागा भरायला तो सोयीचा पडतो. पण तो शून्य नाही. ग्रॅममागे साखरेच्या चार कॅलरींच्या जागी त्याच्या दोन-सव्वादोन कॅलरी असतात, तो रक्तातली साखर वाढवतो, भले साखरेपेक्षा कमी. आणि जास्त झाला तर आतड्यात पाणी ओढून पोट बिघडवतो. काजूत निम्म्याच्या आसपास चरबी असते ती वेगळीच. पेटीवर लिहिलेलं एक अक्षरही खोटं नव्हतं. हलवायाने कायदा मोडला नव्हता. फक्त 'साखर नाही' हे वाचून आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात 'कितीही खा' असं वाचलं. तसंच चमच्याला चमचा म्हणून साखरेसारखी वापरायची जी पावडर मिळते, तिच्यात चमचा भरण्यासाठी बऱ्याचदा माल्टोडेक्स्ट्रिन असतं, आणि ते पिष्टच आहे.

भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, असं आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पाहणीतून २०२३ मध्ये पुढे आलं. राज्यांत सर्वांत वर गोवा, २६.४ टक्के. म्हणजे गोव्यात प्रौढांपैकी दर चार जणांत एक. एवढ्या लोकांना सणाच्या दिवशी ताटात काहीतरी गोड हवं असतं आणि ते हवं असण्यात काही चूक नाही. ही माणसं पिष्ट मोजत नाहीत, 'शुगर-फ्री' वाचतात. म्हणून मला वाटतं, अशा मिठाईच्या पेटीवर दर्शनी भागात एका तुकड्यातलं एकूण पिष्ट आणि कॅलरी लिहिणं सक्तीचं करायला हवं, घटकांची यादी आहे तेवढ्या बारीक अक्षरांत नव्हे, 'साखर नाही' जेवढं मोठं लिहिलंय तेवढ्याच अक्षरांत.

फिनाइलकीटोन्युरिया नावाचा एक दुर्मिळ जन्मजात आजार आहे. त्यात फिनाइलअॅलानिन पचवता येत नाही, आणि अॅस्पार्टेममध्ये ते असतं. हा आजार असलेल्यांसाठी लेबलवर इशारा असतो, तो तंतोतंत पाळायचा.

मुलांचा प्रश्न मात्र दुर्मिळ नाही. अण्णांच्या वहीतली आकडेमोड मी एकदा माझ्या भाच्यासाठी करून बघितली. तो पाच वर्षांचा, वजन पंधरा किलो. डाएट कोलाच्या एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम अॅस्पार्टेम असू शकतं. सत्तर किलोच्या मोठ्या माणसाला मर्यादा गाठायला नऊ ते चौदा कॅन लागतात, भाच्याला दोन-तीन पुरतात. पण तो कोला पीत नाही, तो गोळा खातो. शाळेसमोरच्या गाडीवर उन्हाळाभर बर्फाचा गोळा, काला खट्टा, आणि लाल-पिवळ्या सरबताचे ग्लास. ते सरबत मी चाखलं आहे. आधी गोड, मग जिभेच्या मुळाशी कडवट, तांब्याच्या भांड्यात राहिलेल्या पाण्यासारखं. सॅकरीनची चव एकदा कळली की विसरत नाही.

जेक्फाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅमने पंधरा किलोच्या मुलाची सॅकरीनची मर्यादा ७५ मिलिग्रॅम. सॅकरीन साखरेच्या तीनशे-चारशे पट गोड. म्हणजे २२ ते ३० ग्रॅम साखरेएवढी गोडी, जी एका ग्लास सरबतात सहज असते. युरोपची नवी मर्यादा धरली तरी दोन ग्लासांत संपते. ही मर्यादा आयुष्यभर रोजच्या खाण्याची आहे, एक दिवस ओलांडली म्हणून मुलाला काही होत नाही, हे मी आई-बापांना मुद्दाम सांगते. पण अण्णांच्या गोळीत आणि त्या सरबतात फरक आहे तो मापाचा. डबी दाबली की मोजून आठ मिलिग्रॅम पडतात. गाडीवर कोणी मोजत नाही.

मी त्या गाडीवाल्याशी बोलले. भला माणूस आहे, नगर जिल्ह्यातून येतो, हंगाम संपला की गावी जातो. त्याने लपवलं नाही. साखरेचं सरबत त्याच गोडीला करायचं तर गोळा आज विकतो त्या किमतीत परवडत नाही, म्हणाला. शंभर ग्रॅम सॅकरीन गोडीच्या हिशेबाने तीस किलो साखरेला पुरतं. तो ते किराणा दुकानातून सुट्ट्या पुडीत आणतो. पुडीवर काही छापलेलं नसतं, त्यामुळे ते खाण्याच्या दर्जाचं आहे की नाही हे त्यालाही सांगता येत नाही. बादलीभर पाण्यात किती घालता, विचारलं. त्याने अंगठा आणि दोन बोटं जुळवून चिमूट दाखवली, मग म्हणाला, "पोरं गोड मागतात, तर थोडं वर."

अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ त्या चिमटीबद्दलच विचारत राहिले. किती पाणी, केवढी बादली, ढवळतो कशाने, तळाशी राहतं का. कारखान्यातल्या माणसाला तो प्रश्न सगळ्यांत आधी दिसला: नीट विरघळलं नाही तर शेवटच्या ग्लासांत पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त येणार. डबाबंद पेयावर 'कृत्रिम गोडवा आहे, लहान मुलांसाठी शिफारस नाही' असं छापावं लागतं, आणि ते पेय बहुतेक मोठी माणसंच पितात. मुलं ज्या गाडीभोवती उभी असतात तिच्यावर पाटी नाही.

या मार्चमध्ये शाळेच्या पालकसभेत मी हा विषय मांडला. गाडी हटवा, असं काही पालक म्हणाले. मला ते मान्य नव्हतं. त्याचं पोट त्यावर आहे, आणि ही गाडी गेली तर पुढच्या कोपऱ्यावर दुसरी येईल. आम्ही ठरवलं ते असं: सॅकरीन न घालता साखरेचं किंवा कोकमाचं सरबत त्याने करायचं, गोळा थोडा लहान आणि थोडा महाग झाला तर पालकांनी कुरकुर करायची नाही. सरबताचा नमुना अन्न व औषध प्रशासनाकडे तपासायला देता येतो का, याची चौकशी दोन पालकांनी अंगावर घेतली आहे. गाडीवाला कोकमाला तयार झाला आहे. साखर किती घालायची याचं माप अण्णांनी त्याला लिटरमागे ग्रॅममध्ये लिहून दिलंय, आणि एक जुना तराजूही.